ओंडके

चिलोए बेटावर घर बदलायचं झालं
तर काही माणसं घर सोडत नाहीत.
घरच घेऊन जातात.

ओफेलियाआत्याचं तसं निघालं मार्चमध्ये,
पडद्यांसकट.
चूल विझवायचं कुणीतरी विसरलं होतं,
टेकडी उतरतानाही धुराड्यातून धूर.
पुढे सात बैलजोड्या, दोराला अख्खी वस्ती,
आणि खाली ओंडके.
मागचा ओंडका मोकळा झाला की
दोघं तो उचलून धावत पुढे नेऊन टाकायचे.
सायेन, वय तीन वर्षं नऊ महिने,
कुंपणावर बसून
घर सोडून तेवढंच बघत होती.
मागचं पुढे. मागचं पुढे.

पुढच्या आठवड्यात बटाट्यांचं पोतं हललं
बाटल्यांवरून, चांगलं दारापर्यंत.
मग झोपलेल्या मांजराखाली
तिने एकेक चमचा सरकवला.
मांजर गेलं. चमचे राहिले.
आई कुणालातरी म्हणाली होती,
पाद्रीबाबांचं प्रवचन पुढे सरकतच नाही.
रविवारी त्यांच्या बुटांपुढे
सहा मेणबत्त्या, आडव्या.

मार बसला. पण चुकलं, असं मला म्हणवत नाही.
नवी किल्ली हाती लागली
की कोण एकाच कुलपावर थांबतं?

जूनमध्ये थोरला एफ्राइन निघाला
पुएर्तो मोंतला, मासळीच्या कारखान्यात.
आई त्याच्या बॅगेत लोकरी मोजे भरत होती,
काढत होती, परत भरत होती.
सायेन चिखल तुडवत गेली बाल्दोमेरोकडे.

बैल किती आहेत?
सहा.
सहांत एक शहर येईल?

म्हातारा चारा टाकत होता. हसला नाही.
मध्ये पाणी आहे, पोरी.
इग्नासियाचं घर पाण्यावरूनच आलं, ती म्हणाली,
पिंपं बांधून, भरती बघून.

हे खरं होतं.
बाल्दोमेरोने चारा खाली ठेवला,
टोपी मागे सारली,
आणि बराच वेळ विचार करून विचारलं:
घराला तुळई असते. शहराला
दोर कुठे बांधायचा?

ती काही बोलली नाही.
बैलाच्या नाकातून वाफ येत होती, ती बघत राहिली.
मग म्हणाली, बघून सांगते.

धक्क्यावर बोट लागली तेव्हा
सगळे एफ्राइनच्या गळ्यात पडत होते.
सायेन खाली, बॅगेपाशी, उकिडवी.
बॅगेला बुडाशी दोन काळी चाकं,
सुपारीएवढी.
म्हणजे ओंडके कुणीतरी कायमचेच चिकटवून टाकलेले,
मागचं पुढे आणायला
कुणी धावायलाच नको.

तिने एक चाक बोटाने फिरवलं.
पुढे गेलं.
मग थांबून, ओठ दाबून,
उलटं फिरवून पाहिलं.