सूज वजा जाता

दौलतगंजातलं शटर अर्ध्यावर ओढलं होतं,
खालून आधी चपला दिसल्या,
डावी निळी, उजवी काळी.
धामण्यांची कल्याणी.
"काका, शौनकचा कान ठणकतोय.
ती गुलाबी बाटली द्या, मागची."

मागची.
माघात मीच दिली होती.
तिच्या जावेनं मागितली, गल्ल्यावर गर्दी,
पोरगं पायरीवर गजक चाटत उभं.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.
ताप उतरला दुसऱ्या दिवशी.
चौथ्या दिवशी मोजे काढले
तर घोट्यावर वीण उमटलेली, खोल,
आणि मग ग्वाल्हेर ते दिल्ली, रात्रीची गाडी,
एकवीस दिवस.
त्या बाटलीनेच झालं, असं
कुणी डॉक्टर छातीठोक म्हणाला नाही.
नाही, असंही म्हणाला नाही.

फळीकडे गेलेला हात मी मागे घेतला.
"ही नाही. हिच्या बहिणीही नाहीत,
नावं वेगळी, कूळ एकच.
दुखणं थांबवतात, आणि मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त
चोरपावलांनी कमी करतात."
"मग काय, रडू देऊ?"

प्रश्न बरोबर होता.
सोसायला लावणं हे काही औषध नव्हे.

"वही आणलीस?"
ओढणीत गुंडाळलेली. रोज सकाळची लघवी,
थेंब टाकल्यावर: स्वच्छ. स्वच्छ. गढूळ.
आज, दह्यासारखी.
शेजारी वजन. सोमवारी सतरा, आज एकोणीस.
"एकोणीस किलोचा डोस धरू ना?"

चाळीस वर्षं औषधं मोजून देतोय.
त्या दोन किलोंशी थबकलो.
दोन किलो नुसतं पाणी,
मुलाच्या नावावर चढलेलं.
पहिल्या पानावर डॉक्टरीणबाईंची लाल शाई:
सूज वजा जाता, सोळा किलो आठशे.
खाली फोन नंबर, दोनदा अधोरेखित.

रात्री साडेअकराला लावला.
बाईंनी औषधाआधी विचारलं,
ताप आहे? लघवी किती वेळा झाली?
मग साधं पॅरासिटामॉल, सोळा-आठशेच्या हिशेबानं,
पुन्हा कधी, दिवसात किती वेळा, त्यापुढे नाही.
"सर्दीचं सिरप जोडीला नको,
त्यातही हेच लपून बसलेलं असतं.
सकाळी घेऊन या. कान बघू, सूजही.
ताप चढला, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट बघू नका."

मापाच्या पिचकारीवर मी पेनानं रेघ ओढली.
कल्याणीनं ती बल्बसमोर धरली,
सुईत दोरा ओवताना धरतात तशी,
आणि त्याच दोन रंगांच्या चपलांनी
पळत गेली.

तेव्हापासून गर्दी असो नसो, मी विचारतो:
कुणासाठी?
लोक चिडतात.
परवा एकजण म्हणाला, मांजरासाठी.
मी म्हटलं, मांजरालाही देऊ नका.