चौथी बास्केट

कंबर तलावाकाठी नऊ बास्केटी होत्या.
साखळ्या भंगारात गेल्या. आता
तिसऱ्या खांबाला कुणाची तरी शेळी,
सातवा जलपर्णीत, कमरेइतका.

तरी सुट्टीच्या दिवशी
यल्लप्पा गड्डम येतो.
तबकडी टॉवेलच्या काठानं पुसतो,
बाभळीला वळसा घालून सोडतो.
"लागली का?"
चाळीस वर्षं लूमवर, कान गेलेत.
मी मान हलवतो.
कधी कधी खोटीच.

फक्त चौथीच्या साखळ्या शाबूत.
ती आम्ही शेवटाला ठेवतो,
ऊन पाण्यावर कलल्यावर,
पाणकोंबड्या बेशरमीत शिरल्यावर.
फेकतो —

छन्न.

तिथं तो विचारत नाही.
सावकाश चालत जातो,
खांबाला तळहात लावून उभा राहतो
थरथर संपेपर्यंत.