तळटीप

पाषाणला, तळमजल्यावर, एसीच्या घरघरीत
मी काचेची नळी तापवून ओढते
केसाहून बारीक टोक येईपर्यंत,
आणि एका पेशीच्या अंगाला ती टेकवते.
मग तोंडाने हलकेच हवा ओढायची.
चिकटली तर चिकटली.
पडद्यावर एक रेघ खाली जाते, वर येते:
एक दार उघडलं. मिटलं.

पुस्तकातल्या चित्रात दार एकटंच असतं.
पण नुसतं दार पेशीत घालून पाहिलं
तर कितीतरी दारं पोटातच अडकून बसतात,
आणि जी वर येतात
ती उघडली न उघडली तोच मिटतात.
सोबतचं प्रथिन शेजारी दिलं
की येतात. उघडी राहतात,
मिलिसेकंदाचा काही हिस्सा जास्त.
तेवढ्यावर माझा प्रबंध उभा होता.

बाबांना सांगितलं तर ते हसले.
बोहरी आळीत तय्यबभाईंच्या दुकानात
एकतीस वर्षं काउंटरमागे:
बिजागऱ्या, कोयंडे, आडणे, टॉवर बोल्ट.
"दार कुठं विकतो गं आम्ही?
आम्ही विकतो ते
ज्यानं फळीचं दार होतं."
मी वहीत लिहून ठेवलं. भाषणात वापरायला.

मार्गशीर्षात त्यांचा डावा हात उडायला लागला.
क्षणभरच. त्याच वेळी तोंडाची डावी बाजू,
आतून कुणी दोरा ओढावा तशी.
दिवसातून चाळीसदा. चहाचे तीन कप फुटले.
तय्यबभाईंनी काही न बोलता
स्टीलचा पेला आणून ठेवला.
रक्तात सोडियम एकशे एकवीस.
मग तीन इंची, चार इंची बिजागरीत घोटाळा.
मग घरचा रस्ता.
कुणी म्हणालं वय झालं,
कुणी म्हणालं मनाला लावून घेतलंय.
माघात बकुळा आत्या गेली.
सासवडला, कऱ्हेच्या काठी त्यांनी तिला पाणी दिलं
आणि परतताना, दिवे घाटाच्या मधल्या वळणावर, विचारलं,
"बकुळाकडे नाही का जायचं?"

कर्वे रस्त्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी
तपासणीचा कागद माझ्याकडे फिरवला.
त्यावरचं नाव मला ठाऊक होतं.
ते दार नव्हे. दाराचा भागही नव्हे.
दोन पेशींमधल्या फटीत, बाहेर राहणारं प्रथिन,
इकडच्याला तिकडच्याशी धरून ठेवणारं.
त्यानं धरलंय म्हणून दारं जागच्या जागी,
आणि हवी तेवढीच उघडी.
बाबांचंच रक्त त्याच्यावर उलटलं होतं.
माझ्या प्रबंधात ते पान सत्त्याऐंशीवर आहे,
तळाशी, बारीक टायपात:
याचा विचार इथे केलेला नाही.

स्टेरॉइड. पाच दिवस सलाईनमधून
अनोळखी माणसांच्या रक्तातलं काहीतरी.
हात थांबला, पंधरवड्यात.
आठवण तशी लगेच येत नाही.

आत्या गेल्याचं मी सांगत राहिले.
पहिल्यांदा "अरेरे" म्हणाले,
आणि संध्याकाळी, तिला फोन लाव.
दुसऱ्यांदाही तेच.
तिसऱ्यांदा आईनं सांगितलं. मी बाल्कनीत निघून गेले.
चौथ्यांदा रडले. तसे आधीही रडले होते एकदा.
पण दुसऱ्या दिवशी उठून पलंगाच्या कडेला बसले
आणि कुणी काही न सांगता
पुन्हा रडायला लागले.
आई पाठीवरून हात फिरवत होती.
मी उंबऱ्यात उभी,
आणि लिहायची लाज वाटते,
मला इतका आनंद झालेला की
तो लपवायला मी पाणी आणायला गेले.
रात्रभर आत कशानं तरी
काहीतरी धरून ठेवलं होतं.

आता दुकानात जातात, अर्धा दिवस.
सासवडचा तो दिवस मात्र त्यांच्याकडे नाही,
तो येणारही नाही म्हणतात.
विचारतात, मी सांगते:
ऊन होतं, माणसं बरीच होती,
तुम्हीच पाणी दिलंत.
तेव्हा हात उडून अर्धं पाणी वाळूत सांडलं,
तेवढं सांगत नाही.