काचेवरचा अंगठा

सॅगिनॉच्या चर्चच्या तळघरात, जुन्या वस्तूंच्या विक्रीत
एका मुक्या इस्त्रीखाली दबलेली होती ती.
चार डॉलर, बाई म्हणाली. मग माझं तोंड बघून, तीन.
बासष्टची हार्डटॉप, खऱ्या गाडीच्या पंचवीसपट लहान,
पुढचा बंपर गायब, एक चाक पोटात वळलेलं,
छपराला छर्ऱ्याच्या बंदुकीची दोन भोकं
आणि रंग. रंग कसला, लिंपण.

घरी आणून फ्रीझरमध्ये ठेवली, मटारांच्या पिशवीशेजारी.
गारठ्यानं जुना गोंद ठिसूळ होतो.
सकाळी हलक्या हातानं पीळ दिला
तर टिक्.
साठ वर्षांचा हट्ट, एवढाच आवाज.
(बाहेर उणे अठरा होतं, अंगणात ठेवली तरी चाललं असतं,
पण खारी नेतात. मागे एक स्टिअरिंग नेलंय.)

मग दोन दिवस जांभळ्या द्रावणात.
दातांच्या जुन्या ब्रशनं घासताना
लालखालून निळा निघाला, निळ्याखालून मळका हिरवा,
सगळ्यात खाली हस्तिदंती, खोक्यातून निघाली तेव्हाचा.
तीनदा मन बदललं पोराचं.
किंवा पोरंच तीन असतील,
थोरल्याचे शर्ट धाकट्याकडे येतात तशी गाडी आली असेल.

टायरांनी चाकं खाल्ली होती.
असं होतं. जुन्या टायरातलं तेल पाझरत राहतं
आणि ज्याला कवटाळून बसलंय त्यालाच विरघळवतं.
माझी बहीण इर्मा हे ऐकून म्हणाली,
आमच्या हॅरल्डचं सांगतेयस का?

एकतीस वर्षं मी फाउंड्रीत तपासणीला होते.
पट्ट्यावरून सिलिंडर हेड यायची, मी दिवा तिरका धरायची,
केसाएवढी चीर दिसली की खडूची फुली.
फुली म्हणजे परत भट्टीत.
पाठीमागे मला फुलीबाई म्हणायचे. कानाडोळा करायची मी,
त्या एकाच गोष्टीकडे.

तर, समोरची काच.
आतल्या बाजूनं, ड्रायव्हरसमोर, गोंदाचा थेंब पडलेला
आणि तो पुसायला गेलेला अंगठा.
भिंगाखाली धरली.
रेषा न् रेषा शाबूत. मधे भोवरा,
भोवऱ्याला छेदून गेलेली एक बारीक तिरकी खूण,
कधीतरी कापलं असणार.
नाव नाही, साल नाही.
अंगठेबहाद्दर कुठला,
घिसाडघाईत सही करून मोकळा झालेला.

वीस मिनिटांचं काम होतं.
बाराशेचा पॉलिश पेपर, मग दोन हजारचा, मग टूथपेस्ट, मग फडकं.
पेपर पाण्यात भिजत टाकला.
घराचा हीटर घुरघुरला, थांबला, पुन्हा घुरघुरला.
पेपर भिजून भिजून लगदा झाला.

बंपर एल्रॉयनं दिला, त्याच्या साच्यातला, रेझिनचा,
बदल्यात माझी दोन चांगली इंजिनं घेऊन गेला, चोर.
भोकं बुजवली. छप्पर घासलं.
फिका पिस्ता रंग, पाच विरळ हात,
दारांच्या फटींत पातळ काळी शाई.

मार्चमध्ये, फ्लिंटच्या स्पर्धेत
परीक्षकानं टॉर्च तिरका धरला
आणि काचेपाशी थांबला.
"इथे डाग राहिलाय, व्हर्ना."
राहिलाय, म्हटलं.
"गोंद आहे. निघाला असता."
हो, म्हटलं.
"मग?"
माझा नाहीये तो.
त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं,
आणि कागदावर फुली मारली.
नीट मारली. दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या.
मला बरंच वाटलं जरा, अशीच मारायची असते.

गाडी आता फ्रीजवर असते.
दुपारी साडेतीनला सिंकवरच्या खिडकीतून ऊन आडवं येतं
तेव्हा पाचेक मिनिटं काचेत तो भोवरा दिसतो.
बाकीचा दिवसभर ती निर्दोष.
फक्त ते चाक अजून किंचित पोटात वळतं,
ते मात्र माझं.