खारट पाण्याची वही

"सुहैल दिसला" असा खलफानचा फोन येतो
ऑगस्टच्या अखेरीस, पहाटे साडेचारला.
मला गच्चीवरून काही दिसत नाही, नुसती धूळ
आणि महामार्गाचे पिवळे दिवे.
तरी म्हणते, हो, दिसला,
आणि हेरंबला हलवते: ऊठ, वाफे करायचेत.

सहममधला हा दीड एकर आमचा नाही.
खलफानचा. भाडं म्हणून तो मेथीच्या जुड्या घेतो
आणि माझं लिंबाचं लोणचं,
जे त्याच्या शमसाला झोंबतं
आणि पंधरा दिवसांत बरणी परत येते, धुऊन.
हेरंब आठवडाभर सोहार बंदरात क्रेनची बिलं तपासतो.
गुरुवारी रात्री आम्ही शेतकरी होतो.

सप्टेंबरात लेंडीखत, चाळून, भिजवून.
ऑक्टोबरात पावटा,
अलिबागहून पोह्यांच्या पिशवीत लपून आलेला.
जुई नऊ वर्षांची; ती वाफ्यांना नावं ठेवते,
खरोखरची नावं, पाटीवर लिहून.
मुळ्याच्या वाफ्याचं नाव मुख्याध्यापिका.
का, ते विचारायचं नाही.

उन्हाळ्यात मातीला हात लावता येत नाही.
तेव्हा शमसा मला खजुराच्या पातीची चटई शिकवते.
मी गोल करायला घेतलेली
तीन जुलै गेले, अजून नकाशासारखी आहे,
एका बाजूला आखात, एका बाजूला काहीच नाही.
हेरंब जुने रेडिओ उघडतो. मिटत नाही.

त्याचा खरा छंद वही.
विहिरीत दोरीने बाटली सोडायची, मीटर बुडवायचा,
पाणी किती खारट झालं ते लिहायचं.
दोन हजार शंभर. दोन हजार तीनशे चाळीस.
शेजारी बारीक अक्षरात:
लिंबू रुसलं. जुईचा दात पडला.
दोन हजार आठशे. लिंबू बोलेना.

यंदा फेब्रुवारीत खलफानचा गुडघा सुजला.
नर फुलं तयार, पोतं भरून,
वास थेट पिठाच्या गिरणीचा,
आणि सहा माद्या वर वाट बघत उघडलेल्या.
हेरंबला उंचीची चक्कर येते.
खलफानने माझ्याकडे पाहिलं,
मग पट्ट्याच्या दोराकडे, मग पुन्हा माझ्याकडे.
"शुवै शुवै," म्हणाला. हळूहळू.

खोडाला पाठीने रेलायचं, दोर उचलून वर टाकायचा,
पाय, पाय, पुन्हा दोर.
मध्यावर आठवलं, बँकेच्या ठेवीचे कागद कुठे आहेत
ते मी हेरंबला सांगितलेलं नाही.
शेंड्याशी काटे. ओढणी फाटली.
नराच्या दोन-तीन काड्या मादीच्या घोसात
उलट्या खोचायच्या, पातीने बांधायचं, सैल नाही, घट्ट नाही.
हातांवर पांढरी भुकटी, पापण्यांवरसुद्धा.

आणि तिथून समुद्र दिसला.
इतक्या जवळ?
वहीत तो आकड्याआकड्याने येत होता;
वरून पाहिलं तर दोन शेतांपलीकडे बसलेला
दारात आलेल्या पाहुण्यासारखा,
चपला काढून, घाई नसलेला.
मी खाली कुणाला काही सांगितलं नाही.
खलफान तिथेच जन्मला, त्याला माहीतच असणार.

त्या दिवसाची वहीतली नोंद:
तीन हजार सत्तर. झाडं सहा.
बायको उतरली.

लिंबाच्या जागी आता बीट लावणार, मीठ सोसतं म्हणतात.
जुईने नाव आधीच ठरवलंय, सांगत नाही.

जुलैत पाच झाडं घोसांनी वाकली.
सहाव्यावर बोरांएवढी, बिनबियांची, तुरट.
खलफान म्हणतो, गाठ सैल राहिली असेल.
शमसा म्हणते, असतं एखादं झाड असं.
हेरंबने वहीत फक्त प्रश्नचिन्ह काढलं.

गाठ सैल नव्हती.