सात किलोमीटर

हिप्परग्याच्या तळ्याकाठी मेळा भरणार होता,
ज्यांच्या गाडीत घर असतं, त्यांचा.
नायना म्हणाला, आपणही जायचं.
अम्मा म्हणाली, आपल्या घरात खाट मावत नाही,
गाडीत घर कुठलं मावायला?

मग दोन महिने मॅटाडोर दारात उघडी पडली होती.
एकोणीस वर्षं जिच्यातून टॉवेलचे गठ्ठे स्टेशनला गेले
तिच्यात दोन फळ्या, वर एक फळी,
मागच्या कोपऱ्यात मोरी, म्हणजे टब आणि रबरी नळी.
पडदे सेकंड मालाचे:
एका मोराला चोच नाही, एकाला दोन.
रंग पुरला फक्त डाव्या बाजूला.
"उजवीकडून कोण बघतंय बे,"
म्हणाला लक्ष्मीपती, आणि ब्रश रॉकेलात बुडवला.

अशोक चौकातून तळं सात किलोमीटर.
सात किलोमीटर जाऊन काय सांगायचं, कुठून आलो?
नायनाला ही गोष्ट लागून राहिली.
म्हणून पहाटे तीनला आम्ही निघालो
हैदराबादच्या रस्त्याने,
तळ्याकडे पाठ करून.

नळदुर्गला चहा. ग्लास इतके गरम की फ्रॉकच्या घेरात धरला.
तुळजापूरला कळस गाडीतूनच पाहिला.
अम्माने हात जोडले, पण मांडीवरचं सूप खाली ठेवलं नाही.
सोमवारी कारखान्यात तीन हजार विड्या द्यायच्या होत्या.
घाटात आम्ही तिघं एकमेकांवर पडत होतो,
तिची बोटं तेवढी
सपाट रस्त्यावर होती.

उन्हं वर आल्यावर मेळ्यात शिरलो,
तुळजापूरच्या बाजूने, धुळीने माखून,
खरंच लांबून आल्यासारखे.

दोनशे अकरा गाड्या.
नाशिकच्या एकीचं छप्पर छत्रीसारखं उघडायचं.
कोल्हापूरच्या एका कुत्र्याला स्वतंत्र गादी होती, उशीसकट.
लक्ष्मीपती सगळ्यांच्या चाकांना हात लावून आला
आणि बराच वेळ कुणाशी बोलला नाही.
मी मुद्दाम गाडीच्या उजव्या बाजूला उभी राहिले,
पोपडे झाकून.

फॉर्मवर रकाना होता: केलेला प्रवास.
नायनाने लिहिलं, एकशे पंचवीस.
खाली पत्ता. तिथे पेन थांबलं.
टेबलावरचा पोरगा वाकून म्हणाला,
"काका, तुम्ही तर इथलेच की."
"इथलेच," नायना म्हणाला. "पण फिरून."

दुपारी बेळगावची एक बाई आली, हातात कॉफीचा थर्मास.
तिच्या गाडीत बेसिन होतं, बेसिनवर आरसा.
ती आमच्या दारात पाय सोडून बसली,
दोन विड्या वळल्या, दोन्ही फुटल्या, खूप हसली.
मग दोन चोचींचा मोर विकत मागितला.
अम्माने भाव सांगितला. मग कमी केला.
मग पडदा काढून, घडी घालून, तसाच दिला.

त्यामुळे रात्री मागची खिडकी उघडी होती.
जनरेटर बंद झाले तशी तळ्यापलीकडे
दिव्यांची एक लांब ओळ वर आली.
मी विचारलं, ते कुठलं गाव?
नायना हसला नाही.
"ती टाकी दिसते? लाल दिव्याची?
तिच्या जरा डावीकडे आपण."
"आपण तिथे नाहीये," लक्ष्मीपती वरच्या फळीवरून म्हणाला.
अम्मा काम थांबवून बघत राहिली.
इतक्या वर्षांत तिने ते कधी
बाहेरून पाहिलं नव्हतं.
म्हणाली, बरं दिसतंय की.
आणि थोड्या वेळाने: कडी लावली होती ना?

सकाळी बक्षिसं वाटली. आम्हाला एक टोपी मिळाली,
सगळ्यांनाच मिळाली होती.
परतताना नायनाने सरळ रस्ता घेतला.
सतरा मिनिटं लागली.
अम्माच्या चारशे विड्या
अजून बाकी होत्या.