धुरपताबाईचा ड्रम

दोनशे लिटरचा ड्रम, पोटात जुन्या ऑइलचा वास.
कलीम भंगारवाल्यानं साडेपाचशेला दुकानात आणून टाकला.
आधी काठोकाठ पाणी भरलं,
एक रात्र तसाच ठेवला, मग कटर लावलं.
रिकाम्या ड्रमाइतकं खोटं बोलणारं दुसरं काही नसतं.
आमच्या उस्तादाच्या भुवया अशाच एका ड्रमानं नेल्या,
त्या परत उगवल्याच नाहीत.

हे झालं लोखंडाचं.

भट्टीचं माप बचत गटाच्या कागदावर होतं.
अंगावर गोल आठ भोकं, तळापासून वीतभर वर,
झाकणाच्या मधोमध चार इंची धुराडं,
उचलायला दोन कान.
कागदापासून मी एक सूतही हललो नाही.
जिंतुरात माझ्या हाताचं काम कुणी मोजून घेत नाही.

धुरपताबाई आली छोटा हत्तीत,
पऱ्हाटीच्या ढिगावर बसून,
पायात दोन वेगळ्या मापाच्या चपला.
बोटाच्या पेरानं ड्रम वाजवून बघितला,
कलिंगड घेताना वाजवतात तसा.
म्हणली, "भोकं लई वर घेतली रं बाबा.
खालच्या वितीला वारा कोण पाजणार?"
मी कागद दाखवला.
"कागुद जळून जातो. त्याला काय ठाव कोळसा."

पहिली भट्टी दुकानामागं लावली.
पऱ्हाटी, तुराट्या, वर वेड्या बाभळीचे तुकडे.
मी घड्याळ लावलं. तिनं नाही.
कागदावरचे तीन तास भरले तेव्हा झाकण काढलं,
तर घमेलंभर राख,
आणि तळाशी वीतभर कच्च्या काड्या.
ती हसली नाही.
हसली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या खेपेला मी गप्प.
ती धुराकडं पाठ करून बसली, नुसत्या वासावर बोलत होती.
"ह्यो पांढरा. पाणी चाललंय, जाऊ दे.
आता पिवळा यील, डोळं झोंबतील.
लाकडाचं पित्त हाये त्ये, अडवू नगं.
मग पातळ व्हतो, निळा,
पल्याडचं लिंबाचं झाड त्यातून हालताना दिसतं.
तवा सांग मला."
मी सांगितलं.
तिनं चिखल मागितला.

बावीस वर्षं मी सांधे जोडतोय,
दोन पत्र्यांत केस जाणार नाही असे.
तिनं राख कालवलेली काळी माती
झाकणाच्या कडेला थापली
आणि अंगठ्यानं दाबत गेली, करंजीची कड दाबावी तशी.
भोकं बुजवली. धुराड्यावर घमेलं पालथं घातलं.
आग कुठं गेली, मी विचारलं.
"कुटं जाती? उपाशी बसली आत."

सकाळी बघितलं तर पऱ्हाटी तशीच.
एकेक काडी, बोंडाची उघडलेली टरफलं,
अळीनं पाडलेलं बारीक भोकसुद्धा
जागच्या जागी, काळंभोर,
हातात घेतलं तर पिसासारखं हलकं.
तिनं दोन काड्या एकमेकींवर मारल्या.
खण्ण.
काशाच्या वाटीला वाटी लागावी तसं.
तळाची वीत मात्र पुन्हा तपकिरी राहिली होती.
त्यावर ती काही बोलली नाही.

पोतं बांधताना तिचं लुगडं जरा वर सरकलं.
डावी पिंढरी टाचेपर्यंत गुळगुळीत,
प्लास्टिक वितळून थिजावं तशी कातडी.
मी नजर काढून घेतली.
"आधी खड्ड्यात लावायचो भट्टी," ती म्हणली,
"वरून माती घालून. वर चढून बगावं लागायचं
कुटं खचलीय का.
एकदा मीच खचले."
मग ड्रमाचा कान धरून म्हणली,
"ह्यो उभा ऱ्हातो. बरं हाये."

अर्धं पोतं कोळसा माझ्या दाराशी ठेवून गेली.
बायकोनं त्यावर भाकरी भाजल्या,
दोनदा वाकून बघितलं, पेटलाय का म्हणून.

तीन वर्षांनी ड्रम परत आला,
बूड गंजून चाळणीला आलेलं.
एक भोक नवंच पडलं होतं, रुपयाएवढं,
अगदी तळाला लागून.
मी होल्डरात रॉड लावला, काच डोळ्यांवर ओढली.

"थांब," धुरपताबाई म्हणली.
"बाकीची बुजव.
त्ये ऱ्हाऊ दे."